काही विचारायचंय का?

दौंड आणि शिरूर ही पुणे जिल्ह्यातली दोन तालुक्याची गावं. दोघांमधलं अंतर फार नाही, पण पोट भरण्याच्या तऱ्हा अगदी वेगळ्या. दौंड भीमेकाठचं, रेल्वेचं जंक्शन. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि गावाची गाठ रुळांशी कायमची पडली. पुढं राज्य राखीव पोलीस दलाचे पाच आणि सात क्रमांकाचे गट इथं आले, जवळच नानवीजला पोलीस प्रशिक्षण केंद्र झालं. शिरूर घोडनदीकाठचं. जुनी माणसं अजून गावालाच घोडनदी म्हणतात. इथं रेल्वे नाही. इथला तरुण सकाळी पुणे-नगर रस्त्याला लागतो आणि रांजणगावच्या एमआयडीसीत उतरतो. अष्टविनायकातल्या गणपतीचं हे गाव आता मोटारी, फ्रीज, वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कारखान्यांमुळेही लोकांना माहीत झालं आहे.

दौंडमध्ये नोकरी म्हणजे भरती. फॉर्म भरायचा, लेखी परीक्षा द्यायची, मैदानी चाचणी द्यायची, मेडिकल पार पाडायचं आणि यादीत आपला नंबर शोधायचा. केंद्र सरकारनं तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीच्या पदांसाठी तोंडी मुलाखतच बंद केली. मुलाखतीत वशिला चालतो, गरिबाचं पोर मागं पडतं, हे त्यामागचं कारण होतं आणि ते खरंही होतं. शिरूरमध्ये मात्र नोकरी म्हणजे इंटरव्ह्यू. एक टेबल, पलीकडे तीन खुर्च्या, अलीकडे एक. बायोडाट्याची पानं उलटली जातात, प्रश्न होतात, उत्तरं होतात आणि उठायच्या आधी पलीकडून कुणीतरी म्हणतं, ‘‘तुम्हाला काही विचारायचंय का?’’

आमची बहुतेक मुलं म्हणतात, ‘‘नाही सर.’’ आणि उठतात.

या ‘नाही सर’बद्दल मला थोडं लिहायचं आहे. दिसायला ते दोन शब्द आहेत. त्यांच्या मागं आमच्या घरातल्या तीन पिढ्या उभ्या आहेत.

माझं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं. अब्बा १९५७ साली रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये खलाशी म्हणून लागले. वाफेच्या इंजिनांचा तो काळ. त्यांच्या भरतीची हकीकत आम्ही भावंडांनी अनेकदा ऐकली आहे. साहेबानं उंची मोजली, छाती मोजली, डॉक्टरनं डोळे तपासले. साहेबानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं आणि उद्यापासून ये म्हणून सांगितलं. अब्बा ‘जी साहब’ म्हणून बाहेर आले. पगार किती हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. महिना भरल्यावर पैसे हातात पडले तेव्हा आकडा कळला. ‘‘सवाल वो करे जिसका पेट भरा हो,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

लहानपणी मला हे ऐकून हसू यायचं. मोठी झाल्यावर मात्र त्यातली एक गोष्ट लक्षात आली. अब्बांचं गप्प राहणं त्यांना तसं फार महाग पडलं नाही. कारण त्यांच्या वतीनं नियमांचं पुस्तक बोलत होतं. क्वार्टर कुणाला, पास किती, रजा किती, दवाखाना कोणता, पेन्शन कधीपासून, हे सगळं छापून ठेवलेलं होतं आणि ते सगळ्यांना सारखं होतं. शेडमधला खलाशी विचारो वा न विचारो, त्याच्या वाट्याचं त्याला मिळत होतं.

म्हणजे अगदीच सगळं मिळत होतं असंही नाही. खात्यांतर्गत परीक्षेची सूचना फलकावर इंग्रजीत लागायची. ती कुणासाठी आहे, फॉर्म कुठं मिळतो, असं ज्यांनी विचारलं ते अब्बांचे सोबती पुढं फिटर झाले, मिस्त्री झाले. अब्बा बराच काळ होते तिथंच राहिले. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा त्यातला रेल्वेचा भाग मी दोनदा वाचला. रेल्वेच्या सुमारे १४ लाख नोकरांमध्ये मुसलमान साडेचार टक्के, आणि त्यांतले ९८.७ टक्के खालच्या पायऱ्यांवर. या आकड्यांची कारणं पुष्कळ आहेत, ती सगळी आमच्या गप्प राहण्यावर ढकलणं अन्यायाचं होईल. पण तो आकडा वाचताना मला फलकासमोरून खाली मान घालून जाणारे अब्बा दिसले, एवढं खरं.

अब्बांची ती सवय आम्हाला वारशात मिळाली. ज्या नोकऱ्यांमध्ये नियमांचं पुस्तक होतं त्या नोकऱ्या मात्र मिळाल्या नाहीत. खरी अडचण इथं आहे. आज रांजणगावात, कुरकुंभात, चाकणला जी नोकरी मिळते तिचं पुस्तक भिंतीवर टांगलेलं नसतं. एकाच लाइनवर, एकाच मशीनशेजारी उभ्या असलेल्या तीन मुलांच्या अटी तीन तऱ्हेच्या असतात. एक कंपनीच्या रोलवर, दुसरा ठेकेदाराचा, तिसरा ट्रेनी. कपडे एकाच रंगाचे, पगारपत्रक वेगळं. २०१३ साली आलेल्या ‘नीम’ योजनेत तर हजेरी लावून काम करणारी मुलंही शिकाऊ धरली जात, कामगार नव्हेत. ती योजना पुढं मागं घेण्यात आली, पण तोवर आमच्या गल्लीतल्या किती मुलांना आपण नक्की कोण होतो हे काम सुटल्यावर कळलं. अशा ठिकाणी न विचारणाऱ्याच्या वतीनं कुणीच बोलत नाही.

मी स्वतः १९८६ साली शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत दिली. संस्थेचं नाव सांगण्याचं कारण नाही. समोर पाच जण होते. माझ्या विषयावर दोन प्रश्न झाले. मग एकानं विचारलं, ‘‘तुम्ही मराठी इतकं शुद्ध कसं बोलता?’’ दुसऱ्यानं विचारलं, ‘‘उर्दू शाळेत का नाही प्रयत्न करत?’’ मराठी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसानं हे प्रश्न कुठं ना कुठं ऐकले असतील. मी सांगितलं, माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, घराबाहेर पाऊल टाकलं की कानावर मराठीच पडतं, मग दुसरं काय बोलणार. ते हसले. मला काही विचारायचं आहे का, असं कुणी म्हणालं नाही. तेव्हा तशी रीतच नव्हती. प्रश्न एकाच बाजूचे असत.

हे केवळ माझ्याच वाट्याला आलं असं समजायचं कारण नाही. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी एक साधा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज धाडले, फक्त नावं बदलली. उच्चवर्णीय हिंदू नावाशी तुलना केली तर दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश भरली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं की उमेदवाराला घरची पार्श्वभूमी जवळजवळ सगळेच विचारतात, आणि त्यात आपण काही वावगं करतो असं त्यांना वाटत नाही. वडील काय करतात, घरात किती माणसं, राहता कुठं. त्या उत्तरांवरून माणूस कसा असेल याचा अंदाज बांधला जातो.

आमच्या मुलांना हे अभ्यास माहीत नसतात, पण त्यांतलं सार ठाऊक असतं. त्यामुळं बोलावणं आलं हाच मोठा उपकार वाटतो. खुर्चीवर बसायला मिळालं, आता आणखी काय विचारायचं? दहा अर्जांनंतर उघडलेलं दार आपल्या प्रश्नानं पुन्हा लागलं तर? ही भीती खोटी नाही. शेजारच्या खालांचा मुलगा आयटीआय करून एका ठिकाणी मुलाखतीला गेला. शेवटी त्यानं विचारलं, ‘‘पर्मनंट कधी करणार?’’ त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. ते या प्रश्नामुळं, की नावामुळं, की त्याच्यापेक्षा चांगली चाळीस मुलं रांगेत होती म्हणून, हे कुणीच सांगू शकणार नाही. खाला मात्र गल्लीत सांगत राहिल्या, ‘‘जास्ती सवाल किया, काम गया.’’ अशी एक गोष्ट दहा मुलांची तोंडं बंद करते.

निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी काही मुलं-मुली माझ्याकडे येतात. मी आणि गल्लीतले एक निवृत्त फोरमनचाचा मिळून त्यांची खोटी-खोटी मुलाखत घेतो. चाचांनी वीसेक वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून माणसं घेतली आहेत. त्यांना मी पहिल्याच दिवशी विचारलं, शेवटचा तो प्रश्न तुम्ही खरंच मनापासून विचारत होता का? ते मिश्कील हसले. ‘‘बाई, निम्म्या वेळा चहा यायला उशीर असायचा म्हणून विचारत होतो. पण एखाद्यानं नीट काही विचारलं, तर आम्ही कागदावरून मान वर करून त्याच्याकडे बघत होतो. तोवर बघितलेलं नसायचं.’’

मला वाटतं, या रिवाजातलं सगळं सत्य या दोन वाक्यांत आहे. पलीकडच्यांसाठी तो बहुतेक वेळा उपचार असतो. तो खरा करायचा की नाही, हे अलीकडे बसलेल्यानं ठरवायचं.

मुलं मोबाइलवर बघून प्रश्न पाठ करून येतात. पाच वर्षांनी कंपनी कुठं असेल असं तुम्हाला वाटतं? कंपनीची संस्कृती कशी आहे? असले प्रश्न शिरूरच्या मुलाच्या तोंडी उसन्या कोटासारखे दिसतात. बाही लांब, खांदा ढिला. चाचा म्हणतात, ‘‘पाच वर्षांनी कंपनी कुठं असेल हे मॅनेजरला माहीत असतं तर तो इथं कशाला बसला असता?’’ आम्ही त्यांना एवढंच सांगतो की ज्या प्रश्नाचं उत्तर गेटवरच्या पाटीवर किंवा जाहिरातीत वाचायला मिळतं तो विचारू नका. उत्तर काहीही आलं तरी तुमच्या निर्णयात फरक पडणार नसेल, तोही विचारू नका. जे उरतात ते खरे प्रश्न. त्यांतले एक-दोनच विचारा, सगळे नकोत.

आणि खरे प्रश्न निघतात ते घरातूनच. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून कोणतं काम अपेक्षित आहे? शिकवणार कोण? माझं काम बरं चाललंय की नाही हे कशावरून ठरेल? हे प्रश्न शॉपफ्लोअरवरच्या माणसाला विचारायचे. त्याला ते आवडतात, कारण त्यात त्याच्या कामाची कदर असते. पगारपत्रकावर नाव कुणाचं असेल, कंपनीचं की ठेकेदाराचं? सांगितलेल्या आकड्यातले हातात किती येतील? पीएफ आणि ईएसआय पहिल्या महिन्यापासून का? हे एचआरवाल्याला विचारायचं, सरळ, आवाज न चढवता. खालांच्या मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण ‘पर्मनंट कधी करणार’ असं म्हटलं की तो मागणीसारखा लागतो. ‘या जागेवरचे ट्रेनी वर्षानंतर साधारण कुठं जातात?’ असं विचारलं तर तीच माहिती मिळते आणि सांगणाराही अडचणीत येत नाही.

मुलं कधी दबक्या आवाजात विचारतात, जुम्म्याचं काय करायचं? मुलाखतीत काढायचं का? चाचांचं उत्तर ठरलेलं आहे. जेवणाची सुट्टी किती वाजता असते एवढं विचारा. बहुतेक ठिकाणी जेवण तुकड्यातुकड्यांनी सोडतात, कामावर लागल्यावर सुपरवायझरशी बोलून शुक्रवारी आपली तुकडी बदलून घेता येते. त्यांनी स्वतः सगळी नोकरी असंच केलं आणि त्या बदल्यात दिवाळीच्या पाळ्या सांभाळल्या.

मुलींना मी आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगते. १९७४ साली पुण्याच्या टेल्को कंपनीनं इंजिनिअरांसाठी जाहिरात दिली आणि स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं खाली छापलं. बंगळुरूत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून याचा जाब विचारला. तिला मुलाखतीला बोलावणं आलं, तेही प्रवासखर्चासह. नोकरी मिळणार नाहीच, असं धरून ती आली होती. ही मुलाखत फक्त तांत्रिक विषयावर असेल अशी आशा आहे, असं तिनं आरंभीच सांगून टाकलं. पुढं एका वडीलधाऱ्या अधिकाऱ्यानं कारखान्यात बायका का नाहीत हे समजावून सांगितलं, तेव्हा तिनं उत्तर दिलं की कुठंतरी सुरुवात तर करावी लागेल. तिला घेतलं गेलं. कारखान्यात काम करणारी टेल्कोची ती पहिली महिला इंजिनिअर ठरली. पुढं सुधा मूर्ती म्हणून सगळ्यांना माहीत झाली. ही गोष्ट सांगताना मी मुलींना लगेच बजावते की तिच्याजवळ उत्तम शिक्षण होतं, गमावण्यासारखं थोडं होतं, आणि वाचणारा टाटा होता. आपल्याजवळ यातलं सगळं नसेल. पण प्रश्न मुळात विचारता येतो, तो विचारण्याची जागा अर्जदाराची आहे, एवढं तर त्यातून घ्यावं.

आता माझ्या भाचीची गोष्ट. माझ्या भावाची मुलगी. दौंडला राहून तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. भाऊ रेल्वेतच, अब्बांच्याच वाटेनं गेलेला. रांजणगावच्या एका कारखान्यातून तिला क्वालिटी विभागातल्या ट्रेनीच्या जागेसाठी बोलावणं आलं, तेव्हा आदल्या संध्याकाळी भाऊ तिला आणि अब्बांना घेऊन आमच्याकडे आला. अब्बा आता पंच्याऐंशी पार केलेले. नातीचा पहिला इंटरव्ह्यू म्हणून हट्टानं आले. जेवताना भाऊ तिला एकच गोष्ट परत परत सांगत होता, ‘‘सवाल-बिवाल कुछ मत कर. पूछे उतना बोल और आ जा.’’

भांडी आवरताना ती मला म्हणाली, ‘‘फुपी, मला दोन गोष्टी कळल्याशिवाय हो म्हणता यायचं नाही. विचारू का?’’ मी म्हटलं, विचार. पण आधी कामाचं, मग अटींचं.

दुसऱ्या दिवशी जे घडलं ते तिनं संध्याकाळी सांगितलं. समोर तिघं होते. मायक्रोमीटर, व्हर्निअर, ड्रॉइंग वाचणं यावर बरंच विचारलं, ते तिला आलं. मग घरी कोण कोण, वडील काय करतात, लग्नाचा विचार आहे का, रात्रपाळी चालेल का. ‘‘मराठी छान बोलता हो तुम्ही.’’ एकोणचाळीस वर्षांनी तेच वाक्य! ती म्हणाली, ‘‘मी दौंडची आहे, सर.’’ आणि शेवटी तो प्रश्न आला.

तिनं विचारलं, ‘‘या जागेवर माझ्या आधी कोण होतं, आणि ते आता कुठं आहेत?’’

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतला लाइनवरचा इंजिनिअर मोकळा माणूस निघाला. त्यानं सांगितलं, वर्षात दोन मुली होऊन गेल्या. एकीचं लग्न झालं. दुसरी कामाला चांगली होती, पण दुसरी पाळी सुटल्यावर बस तिला गावाच्या फाट्यावर सोडायची आणि तिथून पुढं दोन किलोमीटर अंधार. घरच्यांनी बंद केलं. कारखाना कायद्यानं १९४८ पासून बायकांना संध्याकाळी सातनंतर काम करायला बंदी होती. महाराष्ट्रानं २०१५ साली सुरक्षेच्या आणि ने-आण करण्याच्या अटीवर ती सैल केली. कायद्यातली ती ने-आण म्हणजे दार की फाटा, हा फरक या एका प्रश्नामुळं तिच्यासमोर आला. बस शिरूर एसटी स्टँडपर्यंत येते हेही कळलं. स्टँडपासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. म्हणजे माझ्याकडे राहिली तर प्रश्न सुटत होता.

मग तिनं एचआरला विचारलं, पगार कुणाच्या नावानं निघेल? ठेकेदाराच्या, अकरा महिन्यांसाठी. अनुभवाचं पत्र कुणाच्या सहीचं? तेही ठेकेदाराच्या. तिनं आभार मानले आणि दोन दिवसांत कळवते म्हणाली. तिथल्या तिथं त्यांनी तिला ‘या’ म्हटलं होतं.

घरी आल्यावर भाऊ भडकला. हातात आलेली नोकरी, आणि ही म्हणते दोन दिवसांत कळवते! त्याचा राग माझ्यावरही होता. पोरीला मी बिघडवलं असं त्याचं म्हणणं. एवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या अब्बांनी विचारलं, ‘‘कितने महीने की है?’’

‘‘ग्यारह,’’ भाऊ म्हणाला.

‘‘ग्यारह महीने के बाद क्या?’’

भावाजवळ उत्तर नव्हतं. ज्या माणसानं आपला पगारसुद्धा विचारला नव्हता, त्याला हा प्रश्न सुचला. कारण नोकरी म्हणजे काय असते हे त्यांना नीट ठाऊक होतं, आणि ही तशी नव्हे हे त्यांनी एका आकड्यावरून ओळखलं. त्या रात्री घरात पुन्हा कुणी मोठ्यानं बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी भाचीनं होकार कळवला. कुणी तिला भरीला घातलं नाही. तिनं हिशेब मांडला होता. अकरा महिने काम शिकायचं, फुपीकडे राहायचं, आणि त्यानंतरचं आपलं आपण बघायचं. नोकरी तीच होती. पण ती डोळे उघडे ठेवून गेली, यात काही फरक पडतो का? मला वाटतं, पडतो. चौथ्या महिन्यात तिनं मोबाइलवर पीएफचं पासबुक पाहिलं तर मागच्या महिन्याची रक्कम जमा नव्हती. पगारातून मात्र कापली होती. तिनं ठेकेदाराच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे. तिनं सोबतच्या दोघींना त्यांचं पासबुक बघायला सांगितलं. त्यांचंही तेच. आपल्याला असा बारा आकडी नंबर असतो आणि त्याच्यावर आपले पैसे दिसतात, हे त्यातल्या एकीला तेव्हाच कळलं. तिघी मिळून एचआरकडे गेल्या. तक्रार म्हणून नाही, विचारायला म्हणून. पुढच्या महिन्यात दोन्ही महिन्यांची रक्कम जमा झालेली होती.

मुलाखतीतल्या त्या शेवटच्या दोन मिनिटांकडे मी यासाठी एवढं लक्ष देते. तिथं विचारलेल्या प्रश्नानं नोकरी मिळतेच असं नाही. थोरातांच्या प्रयोगातलं दार तर उमेदवार आत येण्याच्या आधीच बंद होतं, आणि ते उघडण्याची जबाबदारी आमच्या पोरांच्या हुशारीवर टाकून चालणार नाही. ती दाराआतल्या माणसांची आहे. पण जो टेबलासमोर बसून एक प्रश्न विचारतो, त्याला पुढं मशीनसमोर उभं राहूनही विचारता येतं. जो तिथं गप्प बसला, त्याची जीभ नंतर पगार कमी आल्यावरही उचलत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याचं बंधन आलं. चांगली गोष्ट आहे. पण माझं पत्र कुठं आहे, असं विचारणारं कुणी असल्याशिवाय असं बंधन कागदावरच राहतं, हे आपल्याला नवं नाही.

अकरा महिने भरले तेव्हा ठेकेदारानं पुन्हा अकरा महिन्यांचा कागद पुढं केला. भाचीनं सही केली नाही. भाऊ पुन्हा नाराज झाला, पण या वेळी त्यानं तिला कारण विचारलं आणि तिनं सांगितलेलं ऐकून घेतलं. मी हे लिहिते आहे तोवर ती तीन ठिकाणी मुलाखती देऊन आली आहे. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसरीकडून अजून काही कळलेलं नाही.

रविवारी येणाऱ्या मुलांच्या आई-बापांना मी आता एकच गोष्ट सांगते. मुलाखतीची तयारी माझ्याकडे आठवड्यातून एक तास होते, घरी रोज होते. दस्तरख्वानावर पोरानं ‘असं का?’ म्हटलं की आपण ‘चुप बैठ’ म्हणतो. मोठ्यांसमोर बोलू नये, हा अदब आहे असं आपण मानत आलो. अदब असावाच. पण ज्या पोराला बापाला प्रश्न विचारता येत नाही, त्याला साहेबाला कसा विचारता येणार? तेव्हा दिवसातून एखादा प्रश्न त्याला विचारू द्या, आणि येत असेल तर उत्तर द्या. येत नसेल तर येत नाही म्हणा. आमच्या घरी अब्बांनी या वयात सुरुवात केली आहे. नात दौंडला गेली की ते तिला रोज संध्याकाळी जवळ बसवून विचारतात, आज किसने क्या पूछा, और तूने क्या पूछा?